शंकर पुरुषोत्तम आघारकर

शंकर पुरुषोत्तम आघारकर (जन्म : मालवण, १८ नोव्हेंबर १८८४, मृत्यू : २ सप्टेंबर १९६०) हे मराठी वनस्पतिशास्त्रज्ञ, कलकत्ता विद्यापीठातील वनस्पतिशास्त्राचे रासबिहारी घोष प्राध्यापक आणि पुण्याच्या विज्ञानवर्धिनी या संशोधनसंस्थेचे संस्थापक-संचालक होते. पदवीनंतर काही वर्षे अध्यापन केल्यावर, वयाच्या तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी संशोधन हाच आपला मार्ग म्हणून निवडला. डॉक्टरेट मिळाली तेव्हा त्यांनी पस्तिशी गाठली होती, तर निवृत्तीनंतर नवी संस्था उभारण्याचे काम अंगावर घेतले तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. ही संस्था आज आघारकर संशोधन संस्था या नावाने ओळखली जाते. तिचे पिकांच्या प्रयोगांचे क्षेत्र पुणे जिल्ह्यातील बारामती तालुक्यात, होळ या गावी आहे. कोकणात जन्मलेल्या आणि हयातीचा मोठा भाग बंगालमध्ये घालविलेल्या या शास्त्रज्ञाचे नाव नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातील शेतकऱ्यांना परिचित होण्याचे हे कारण आहे.

जन्म, शिक्षण आणि अध्यापन

आघारकर यांचा जन्म सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील मालवण येथे झाला. उच्च शिक्षण मुंबईच्या एलफिन्स्टन महाविद्यालयात झाले आणि मुंबई विद्यापीठाची पदवी घेतल्यावर त्याच महाविद्यालयात ते जीवशास्त्र शिकवू लागले.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात विज्ञान शिकलेल्या मराठी तरुणापुढे कोणत्या वाटा होत्या, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांच्या पुढील निर्णयाचे मोल कळत नाही. पदवीधर वकिलीकडे वळत, सरकारी नोकरी धरीत किंवा शाळा-महाविद्यालयात शिकवीत. संशोधनासाठी पगार देणारी स्थाने म्हणजे प्रामुख्याने सरकारी सर्वेक्षण खाती आणि त्यांतील वरची पदे युरोपीय अधिकाऱ्यांकडे असत. विद्यापीठे परीक्षा घेत आणि पदव्या देत. प्रयोगशाळेत नवे ज्ञान निर्माण करणे हे त्यांचे काम आहे, अशी धारणा तेव्हा रुजली नव्हती. अशा काळात एलफिन्स्टनसारख्या नामांकित महाविद्यालयातील अध्यापकाची जागा ही स्थिरस्थावर होण्याची जागा होती. बहुतेकांचा प्रवास तेथेच पूर्ण होत असे, आणि तो सन्मानाचाच मानला जाई. आघारकर यांनी मात्र सुटीच्या दिवसांत सह्याद्रीच्या नद्यानाल्यांतून नमुने गोळा करण्यास आरंभ केला.

कोयना-येण्णेच्या डोहातील शोध

त्यांना प्रथम नाव मिळवून देणारा शोध वनस्पतीचा नव्हता, प्राण्याचा होता. सातारा जिल्ह्यात, कृष्णेला मिळणाऱ्या कोयना-येण्णा यांसारख्या नद्यांच्या पात्रांत त्यांना गोड्या पाण्यातील जेलिफिश आढळला. जेलिफिश हा समुद्राचा प्राणी, अशी सर्वसाधारण समजूत असते. मालवणसारख्या बंदरात वाढलेल्या माणसाला तो समुद्रकाठी दिसणे यात नवल नाही. पण समुद्रापासून घाटाने तोडलेल्या, वर्षातील चार महिने धो धो वाहणाऱ्या आणि उन्हाळ्यात खडकातील डोहांपुरत्या उरणाऱ्या नदीत तो सापडणे ही गोष्ट वेगळी होती.

या प्राण्याचे वर्णन कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्रमुख नेल्सन ॲनंडेल यांनी केले आणि त्याला लिम्नोक्निडा इंडिका हे नाव दिले. त्याच म्युझियममधील एफ. एच. ग्रेव्हली यांच्यासह आघारकर यांनी या जेलिफिशच्या सवयी आणि प्रसार यांविषयी टिपण लिहिले. ते १९१२ मध्ये म्युझियमच्या नियतकालिकात आले व पुढील वर्षी आघारकर यांचे स्वतंत्र टिपणही प्रसिद्ध झाले.

शोधाचे महत्त्व प्राण्याच्या नवलाईपुरते मर्यादित नव्हते. या गटातील जेलिफिश तोपर्यंत आफ्रिकेतून, विशेषतः टांगानिका सरोवरातून, ठाऊक होते. मग तोच गट सह्याद्रीच्या नद्यांत कोठून आला? मधला समुद्र त्याने कसा ओलांडला, की कधी काळी मध्ये समुद्रच नव्हता? गोड्या पाण्यातील नाजूक प्राणी खाऱ्या पाण्यातून प्रवास करू शकत नाही. त्यामुळे त्याच्या प्रसाराचा प्रश्न थेट भूमीच्या इतिहासापर्यंत पोहोचतो. एखादा जीव जेथे आहे तेथे तो कसा आला, हा प्रश्न आघारकर यांच्या हाती असा प्रथम आला. पुढे त्यांचा विषय बदलला, शहर बदलले, भाषाही बदलली. हा प्रश्न मात्र त्यांच्यासोबत राहिला. त्यांच्या चरित्रात जेलिफिशचा उल्लेख बहुधा एक गमतीदार प्रसंग म्हणून केला जातो. प्रत्यक्षात त्यांच्या डॉक्टरेटच्या विषयाची पायवाट तेथूनच सुरू होते, असे मानण्यास जागा आहे.

या कामामुळे त्यांचा कलकत्त्याच्या वैज्ञानिक वर्तुळाशी संबंध जुळला.

कलकत्त्याचे अध्यासन

कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी त्या वर्षांत एक धाडसी बेत आखीत होते. विद्यापीठाने केवळ परीक्षा न घेता पदव्युत्तर विज्ञानाचे अध्यापन आणि संशोधन स्वतः करावे, असा तो बेत होता. सरकारी पैसा पुरेसा मिळणार नव्हता. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन बॅरिस्टर-वकिलांनी आपल्या कमाईतून मोठ्या देणग्या दिल्या. घोष यांनी १९१३ मध्ये दहा लाख रुपये दिले आणि त्यांतून चार अध्यासने निर्माण झाली. उपयोजित गणितासाठी गणेशप्रसाद, भौतिकशास्त्रासाठी देवेंद्रमोहन बोस, रसायनशास्त्रासाठी प्रफुल्लचंद्र मित्र आणि वनस्पतिशास्त्रासाठी आघारकर यांची निवड झाली. विज्ञान महाविद्यालयाची पायाभरणी मार्च १९१४ मध्ये झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आघारकर तेव्हा एकोणतीस वर्षांचे होते, डॉक्टरेट त्यांच्यापाशी नव्हती आणि त्यांचे प्रसिद्ध झालेले काम प्राण्यांवरचे होते. मुंबईतील जम बसलेली जागा सोडून परक्या प्रांतातील, अजून इमारतही उभी न राहिलेल्या महाविद्यालयात जायचे आणि तेही वनस्पतिशास्त्राचा प्रमुख म्हणून, हा निर्णय सोपा म्हणता येणार नाही. विद्यापीठाच्या बाजूनेही तो तितकाच धाडसाचा होता. तयार पदव्यांपेक्षा माणसाची जिज्ञासा पाहून निवड करायची आणि मग त्याला परदेशी पाठवून तयार करायचे, हे आशुतोष मुखर्जींचे धोरण होते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही याच विद्यापीठासाठी अर्थखात्यातील मोठ्या पगाराची सरकारी नोकरी सोडली आणि १९१७ मध्ये पालित अध्यासन स्वीकारले. हिशेबतपासनिसाचा भौतिकशास्त्रज्ञ होणे आणि महाविद्यालयीन अध्यापकाचा संशोधक होणे या दोन्ही गोष्टी त्या एका विद्यापीठात काही वर्षांच्या अंतराने घडल्या.

बर्लिनमधील वर्षे

१९१४ मध्येच आघारकर उच्च शिक्षणासाठी जर्मनीत गेले. देवेंद्रमोहन बोस हेही त्याच सुमारास बर्लिनला पोहोचले. वनस्पतिशास्त्रासाठी बर्लिनची निवड उघड होती. अडॉल्फ एंग्लर यांच्या नेतृत्वाखाली तेथील डालेमची वनस्पतिबाग आणि तिचा नमुनासंग्रह जगातील अग्रगण्य संग्रहांत गणला जाई. एंग्लर यांनी वनस्पतींच्या वर्गीकरणाची जी मांडणी केली ती अनेक दशके जगभरच्या संग्रहालयांत वापरली गेली. शिवाय वनस्पतींच्या भौगोलिक वितरणाचा, विशेषतः आफ्रिकेतील वनस्पतींचा त्यांचा अभ्यास सखोल होता. वितरणाचा प्रश्न मनात घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला याहून योग्य जागा मिळणे कठीण होते.

त्याच वर्षाच्या ऑगस्ट महिन्यात पहिले महायुद्ध सुरू झाले. हिंदुस्थानी विद्यार्थी हा कायद्याने ब्रिटिश प्रजाजन, म्हणून जर्मनीच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. आघारकर यांना काही काळ स्थानबद्धतेत काढावा लागला. घरी परतण्याचा मार्ग बंद झालेला, ज्या विद्यापीठाने पाठविले त्याच्याशी संपर्क दुरावलेला, आणि ज्या देशात शिकायचे तो देश आपल्याला शत्रू मानतो, अशी ही कोंडी होती. वयाने ते विद्यार्थिदशेच्या पलीकडे गेलेले होते. सोबतचे बोसही तेथेच अडकले. दोघांनीही हाती आलेला काळ वाया जाऊ दिला नाही. बोस यांनी भौतिकशास्त्रात आणि आघारकर यांनी वनस्पतिशास्त्रात बर्लिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि १९१९ मध्ये दोघे भारतात परतले. दोन-तीन वर्षांसाठी म्हणून आखलेला मुक्काम पाच वर्षांचा झाला होता.

प्रबंधाचा विषय

आघारकर यांचा प्रबंध वायव्य हिंदुस्थानातील कोरड्या, अर्धकोरड्या आणि क्षारयुक्त जमिनींत वाढणाऱ्या वनस्पतींविषयी होता. या वनस्पतींच्या प्रसाराची साधने कोणती आणि त्या मूळच्या कोठल्या, हे दोन प्रश्न त्यात हाताळले आहेत. जर्मन भाषेतील हा प्रबंध १९२० मध्ये एंग्लर यांच्या वनस्पतिशास्त्रीय वार्षिकात प्रसिद्ध झाला.

विषय नावावरून क्लिष्ट वाटला तरी त्याचा आशय बारामती-इंदापूरच्या माळावर हिंडलेल्या कोणालाही समजण्याजोगा आहे. उन्हाळ्यात रुईचे बोंड फुटले की रेशमासारख्या केसांचा झुबका लावलेले बी वाऱ्यावर तरंगत जाते. सराट्याचे काटेरी फळ अनवाणी पायात, चपलेत किंवा मेंढीच्या खुरात रुतून गावोगाव फिरते; कुसळी गवताची कुसळे धोतराला आणि मेंढरांच्या लोकरीला चिकटतात. बोर पाखरे आणि शेळ्या खातात आणि आठळी दूर टाकली जाते. बाभळीच्या शेंगा शेळ्यामेंढ्यांच्या पोटातून पार होऊन लेंडीसोबत जमिनीवर पडतात आणि बसलेल्या वाड्याच्या जागी पुढे बाभळी उगवतात. झाड जागचे हलत नाही, पण त्याचे बी वारा, पाणी आणि जनावर यांपैकी ज्या वाहनाला अनुकूल असेल त्या वाहनाने प्रवास करते. एखाद्या प्रदेशातील वनस्पतींची वाहने तपासली तर त्या कोणत्या दिशेने, किती दुरून येऊ शकल्या याचा अंदाज बांधता येतो. वाऱ्याने येणारे बी आणि ओल्या फळातले बी यांचा पल्ला सारखा नसतो. सिंध, राजपुताना, पंजाब येथील कोरड्या प्रदेशांतील कित्येक वनस्पती पश्चिमेकडे अरबस्तान आणि उत्तर आफ्रिकेपर्यंत आढळतात. तेव्हा हा प्रश्न केवळ स्थानिक राहत नाही.

हा अभ्यास वायव्य भागाचा आहे. दख्खनच्या पठाराचा त्यात समावेश नाही, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. तथापि सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेशात याच प्रकारचे, आणि काही वेळा त्याच जातींचे वनस्पतिजीवन दिसते. बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य आणि इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीची गवताळ माळराने हे त्याचे नमुने होत. चिंकारा आणि लांडगा यांच्यासाठी ही ठिकाणे प्रसिद्ध आहेत. तेथील गवते आणि झुडपे यांकडे पर्यटकांचे लक्ष सहसा जात नाही.

कलकत्त्यातील कार्य

परतल्यावर आघारकर यांनी वनस्पतिशास्त्र विभागाची सूत्रे हाती घेतली आणि १९४६ पर्यंत सांभाळली. जीवशास्त्राशी संबंधित विभाग बालिगंज येथे, पालित यांच्या निवासाच्या जागेत होते. संग्रह, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय येथून सर्व उभे करायचे होते. नेपाळमधील वनस्पतींचे नमुनेही त्यांनी जमविले.

संशोधनाच्या बाबतीत ते एका विषयावर थांबले नाहीत. त्या काळी जलपर्णीने बंगालच्या नद्या, खाड्या आणि भातशेतीचे पाणी अडविले होते. मूळ दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती शोभेसाठी आणली गेली आणि पाहता पाहता संकट झाली. आघारकर यांनी एका सहकाऱ्यासह तिच्या पुनरुत्पादनाचा अभ्यास केला आणि तो १९३० मध्ये शेतकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जलपर्णी धुमाऱ्यांनी पसरते, तशीच बियांनीही. बी गाळात दीर्घकाळ टिकते, म्हणून वरवर काढून टाकलेली जलपर्णी पुन्हा उगवते. इंदापूर तालुक्याच्या उत्तरेला भीमेवरील उजनी धरणाचे पाणी पसरले आहे. पळसदेवपासून पुढे त्या पाण्यावर साचणारा जलपर्णीचा हिरवा थर पाहिला म्हणजे नव्वद वर्षांपूर्वीचा तो अभ्यास जुना वाटत नाही. मच्छीमारांची होडी त्यातून पुढे जात नाही.

पन्नाशीत त्यांनी पेशीविज्ञानाकडे लक्ष वळविले. केळीच्या निरनिराळ्या जातींतील गुणसूत्रांची संख्या कशी बदलते, याविषयी त्यांचा आणि एका तरुण सहकाऱ्याचा लेख १९३५ मध्ये करंट सायन्समध्ये आला. केळीत बी का नसते याचे उत्तर बऱ्याच अंशी गुणसूत्रांच्या या हिशेबात आहे. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी धरतच नाही आणि लागवड मुनव्यांनीच करावी लागते. प्राणिशास्त्रीय टिपणापासून वनस्पतिभूगोल, तेथून तण आणि शेवटी गुणसूत्रे, असा हा प्रवास आहे. एकाच विषयात आयुष्य घालविणाऱ्या शास्त्रज्ञांच्या तुलनेत त्यांच्या नावावरील शोधनिबंध कमी भरतील. विभाग उभारणी आणि संघटन यांत गेलेला काळ पाहता ही उणीव मानण्याचे कारण नाही.

संघटक म्हणून त्यांचे काम मोठे आहे. इंडियन सायन्स काँग्रेस असोसिएशनचे ते सरचिटणीस होते. दरवर्षी वेगळ्या शहरात भरणाऱ्या अधिवेशनाची आखणी, निबंधांची छाननी आणि इतिवृत्ताचे संपादन हे न दिसणारे आणि न संपणारे काम असते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेच्या आरंभीच्या सदस्यांत त्यांचा समावेश होता.

विज्ञानवर्धिनीची स्थापना

१९४६ मध्ये कलकत्ता विद्यापीठातून निवृत्त होऊन आघारकर पुण्यास आले. त्याच वर्षी विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली आणि ते तिचे पहिले संचालक झाले. संस्थेच्या इंग्रजी नावावर कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेची छाप स्पष्ट आहे. महेंद्रलाल सरकार या डॉक्टरांनी ती १८७६ मध्ये लोकांच्या वर्गणीतून उभारली होती आणि रामन यांनी आपले नोबेलविजेते संशोधन तेथेच केले. बंगालने विज्ञानासाठी सरकारची वाट पाहिली नाही, हे आघारकर यांनी तीस वर्षे जवळून पाहिले होते. तेच बीज ते महाराष्ट्रात घेऊन आले.

त्या वेळच्या पुण्यात विज्ञानसंशोधनाच्या संस्था फार थोड्या होत्या. पुणे विद्यापीठाची स्थापना व्हावयाची होती. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये झाले. भांडारकर संस्था, भारत इतिहास संशोधक मंडळ, डेक्कन कॉलेज यांच्यामुळे इतिहास-भाषा-संस्कृतीच्या संशोधनात पुणे अग्रेसर होते. विज्ञानात लोकाश्रयाने चालणारी संशोधनसंस्था ही शहराला नवी गोष्ट होती. विज्ञानवर्धिनीचे आरंभीचे काम लॉ कॉलेजच्या जागेत चाले. कायद्याच्या महाविद्यालयाने वनस्पती आणि सूक्ष्मजीव यांच्या अभ्यासाला आसरा द्यावा, ही पुण्याच्या सार्वजनिक जीवनाची एक लोभस बाजू आहे.

आघारकर यांनी १९४६ पासून अखेरपर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, संचालकपद मानद स्वरूपात, कोणतेही वेतन न घेता सांभाळले. आपली मालमत्ताही त्यांनी मृत्युपत्राद्वारे संस्थेला दिली. त्यांच्यानंतर संस्थेची धुरा वाहणाऱ्यांत गोविंद देवडीकर यांचे नाव महत्त्वाचे आहे. गव्हाच्या गुणसूत्रांचा त्यांनी केलेला अभ्यास संस्थेच्या पीकसुधारणेच्या कामाचा पाया ठरला. १९९२ मध्ये संस्थेला संस्थापकाचे नाव देण्यात आले. भारत सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या अखत्यारीतील ही स्वायत्त संस्था आहे. तिच्या वाळविलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचाही आघारकर यांच्या नावाने उल्लेख होतो आणि बुरशींच्या जिवंत नमुन्यांचे राष्ट्रीय संकलन तेथे आहे.

बारामती-इंदापूर परिसर

नीरेच्या काठचा हा प्रदेश दोन परस्परविरोधी गोष्टींनी घडला आहे. वार्षिक पाऊस सुमारे ५०० मिलिमीटर, तोही लहरी. आणि त्याच वेळी १८८५ पासून वाहणारा नीरा डावा कालवा. १८७६-७८ च्या दुष्काळानंतर आखलेला हा कालवा पुरंदर, बारामती आणि इंदापूर तालुक्यांतून जातो. कालव्याखालची जमीन उसाने हिरवी आणि कालव्यावरची जिराईत, असे चित्र एका बांधाच्या अंतराने दिसते. इंदापूरच्या पूर्वेकडील, कालव्याच्या शेपटाकडील गावांना पाण्याची वाट पाहावी लागते.

पाण्याबरोबर दुसरा प्रश्नही आला. निचरा नसलेल्या काळ्या जमिनीला भरपूर पाणी मिळू लागल्यावर खालचे क्षार वर आले आणि जमिनी चोपण झाल्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी तम्हाणे यांनी १९१० मध्येच नीरा खोऱ्यातील क्षारयुक्त जमिनींवर पुस्तिका प्रसिद्ध केली होती. आघारकर एलफिन्स्टनमध्ये शिकवीत होते तो हाच काळ. कोरड्या आणि खारवटलेल्या जमिनीत काय तगते, हा त्यांच्या प्रबंधाचा प्रश्न या खोऱ्यात शेतकऱ्याच्या पोटापाण्याचा प्रश्न होता. बारामतीजवळ माळेगाव येथे २००९ पासून राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था काम करीत आहे. अवर्षण, उष्णता, क्षार आणि उथळ जमीन यांचा पिकांवर होणारा परिणाम हा तिचा विषय आहे.

आघारकर संशोधन संस्थेचे होळ येथील प्रक्षेत्र या पट्ट्यातच, सोमेश्वरनगरपासून जवळ आहे. पुण्यातील प्रयोगशाळेत तयार झालेले वाण येथील जमिनीत आणि हवेत पारखले जातात. गहू, सोयाबीन आणि द्राक्ष ही त्यांतील मुख्य पिके. संस्थेचे वाण एमएसीएस या अक्षरांनी आणि क्रमांकाने ओळखले जातात. ही अक्षरे विज्ञानवर्धिनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. त्यामुळे बियाण्याच्या पिशवीवर एमएसीएस ६२२२ हा सरबती गहू किंवा एमएसीएस ११८८ हे सोयाबीन वाचणारा शेतकरी, नकळत का होईना, १९४६ मधील त्या संस्थेचेच नाव घेत असतो. खपली गव्हाचा एमएसीएस २९७१ हा बुटका वाण विशेष उल्लेखनीय आहे. खपली हा या भागात जुन्या काळापासून पुरणपोळी आणि खिरीसाठी मानाचा गहू. परंतु उंच वाढून लोळणे हा त्याचा दोष. बुटकेपणामुळे तो दोष बराच कमी झाला. द्राक्षांत एआरआय ५१६ हा संकरित वाण कटावबा आणि ब्यूटी सीडलेस यांच्या संकरातून निर्माण झाला असून तो रसासाठी उपयुक्त आहे. ऊस, द्राक्षे, डाळिंब आणि अलीकडे केळी यांच्या बागांनी वेढलेल्या इंदापूर-बारामतीत अशा वाणांची चर्चा चहाच्या टपरीवरही ऐकू येते.

हे वाण आघारकर यांनी स्वतः तयार केलेले नाहीत. ते त्यांच्यानंतरच्या संशोधकांचे श्रेय आहे. कृषिपर लेखांतून कधी कधी दोहोंची गल्लत केलेली आढळते.

बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय, इंदापूरचे महाविद्यालय आणि परिसरातील कृषी शिक्षणसंस्था यांतून दरवर्षी विज्ञान पदवीधर बाहेर पडतात. त्यांतील अनेकजण घरची शेती, शिकवणी किंवा साखर कारखान्यातील नोकरी करून काही वर्षांनी पुन्हा संशोधनाकडे वळू पाहतात. अशा वाचकांना आघारकर यांच्या आयुष्यातील तारखांचा क्रम विशेष पाहण्यासारखा वाटेल : पहिले टिपण सत्ताविसाव्या वर्षी, नवा विषय एकोणतिसाव्या वर्षी, डॉक्टरेट चौतीस-पस्तिसाव्या वर्षी, गुणसूत्रांवरील काम पन्नाशीत, आणि संस्था एकसष्टाव्या वर्षी.

नामसाम्य

समाजसुधारक आणि सुधारक पत्राचे संपादक गोपाळ गणेश आगरकर (१८५६-१८९५) आणि शंकर पुरुषोत्तम आघारकर या दोन भिन्न व्यक्ती होत. घोटाळा होण्यास एक खास कारण आहे. पुण्यातील आघारकर संशोधन संस्था ज्या रस्त्यावर आहे त्या रस्त्याला गोपाळ गणेश आगरकरांचे नाव आहे, जरी रिक्षावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वजण त्याला लॉ कॉलेज रस्ता असेच म्हणतात. संस्थेला पाठविलेल्या पत्रांवर त्यामुळे दोन्ही आडनावे एकाखाली एक येतात, आणि वृत्तपत्रांतही संस्थेचे नाव आगरकर संस्था असे छापलेले आढळते.